बिघडलेल्या स्वराचा इतिहास

गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत किंवा लग्नाच्या हळदीला कोकणातील कोणत्याही रस्त्यावर उभे राहावे. ढोलकी, ताशा आणि ऑक्टोपॅड यांच्या गजरातून एक धारदार, किंचित चिरका, मध्येच गुरगुरणारा स्वर वर उठताना ऐकू येतो. तो बेंजोचा स्वर. महाड-पोलादपूरच्या मुलखालाही तो परका नाही. एकीकडे सावित्रीच्या खोऱ्यातील औद्योगिक वसाहत, तिथले रसायनांचे कारखाने आणि पाळ्यांवर बेतलेले कामगारांचे आयुष्य. दुसरीकडे सणासुदीला मुंबईहून गावी उतरणारे चाकरमानी. या दोहोंना एकत्र आणणारा हा स्वर संगीतशास्त्राच्या कसोटीवर शुद्ध ठरणार नाही. तो मुद्दाम बिघडवलेला स्वर आहे.

हा बिघाड प्रथम कुणी केला, का केला आणि तो आपल्या दारापर्यंत कसा आला, याचा इतिहास मोठा उद्‌बोधक आहे. विजेवर चालणारी गिटार, तिचा आवाज पालटणाऱ्या घरगुती डब्या, त्या बनवणारे हौशी कारागीर आणि त्यांनी एकमेकांना ऐकवलेली ध्वनिमुद्रणे अशी ही साखळी आहे. तिच्यात मुंबईच्या ख्रिस्ती वादकांचाही मोठा वाटा आहे. परंतु हा इतिहास ग्रंथांत फारसा सापडत नाही. तो घराघरांतील कपाटांत, कॅसेटींच्या खोक्यांत आणि आता मोबाइलच्या मेमरी कार्डांत पडून आहे. म्हणूनच तो आपणा सर्वांच्या हाती आहे, असे आम्हांला वाटते.

दोषाचा झाला गुण

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊ. विजेच्या गिटारीत तारांखाली ‘पिकअप’ नावाचा भाग बसवलेला असतो. लोहचुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. पोलादी तार कंप पावली की त्या वेढ्यांत विजेचा क्षीण प्रवाह निर्माण होतो. मायकल फॅरडे यांनी १८३१ साली सिद्ध केलेले तत्त्व ते हेच. हा क्षीण प्रवाह अँप्लिफायर मोठा करतो आणि स्पीकर त्याचा आवाज करतो. अँप्लिफायरला त्याच्या कुवतीपेक्षा अधिक काम दिले, तर ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात. छाटलेल्या लहरींतून मूळ स्वरात नसलेले नवे उपस्वर उमटतात आणि आवाज खरखरीत होतो. अभियंत्यांच्या भाषेत हा दोष. तो टाळण्यासाठी त्यांनी कैक वर्षे खटपट केली होती.

वादकांच्या कानाला मात्र त्या दोषात काही वेगळेच ऐकू आले. १९५८ साली अमेरिकेतील लिंक रे या गिटारवादकाने हवा तसा ओबडधोबड आवाज मिळावा म्हणून आपल्या अँप्लिफायरच्या स्पीकरला पेन्सिलीने भोके पाडली. १९६०-६१ च्या सुमारास नॅशव्हिल येथील एका स्टुडिओत मार्टी रॉबिन्स यांच्या गीताचे काम चालू असताना ध्वनिमुद्रण यंत्राचा एक भाग बिघडला आणि ग्रेडी मार्टिन यांच्या गिटारीचा आवाज फाटून आला. तो आवाज तसाच ठेवण्यात आला आणि श्रोत्यांना आवडला. तेथील ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी त्या बिघाडाचा अभ्यास करून तोच परिणाम साधणारे ट्रान्झिस्टरचे छोटे मंडल तयार केले. १९६२ साली ते ‘मायस्ट्रो फझ-टोन’ या नावाने बाजारात आले. पायाने दाबायची ही पहिली प्रसिद्ध फझ पेटी. १९६४ साली लंडनच्या ‘किंक्स’ या वाद्यवृंदातील डेव्ह डेव्हिस या तरुणाने आपल्या छोट्या अँप्लिफायरच्या स्पीकरचा कागद पात्याने चिरला. पुढच्याच वर्षी ‘रोलिंग स्टोन्स’च्या एका गीतातून फझचा आवाज जगभर पोहोचला.

या घटनांचा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. आधी भोके पाडलेला स्पीकर, मग बिघडलेले यंत्र, आणि त्यानंतर कारखान्यात बनलेली पेटी. घरगुती खटाटोप हा पुढे आला आणि कारखाना त्याच्या मागून गेला.

टंचाईची शाळा

हाच काळ मुंबईतही गिटारीच्या वेडाचा होता. वांद्रे, माहीम, भायखळा या भागांतील अनेक ख्रिस्ती घरांत पियानो, व्हायोलिन किंवा गिटार यांपैकी काहीतरी असेच. १९६० च्या दशकात शहरात तरुणांचे ‘बीट’ वाद्यवृंद निघाले. परंतु त्या काळी परदेशी मालाच्या आयातीवर कडक निर्बंध होते. परदेशी गिटार किंवा अँप्लिफायर मिळवणे सामान्य घरातील मुलाच्या आवाक्याबाहेरचे होते. मग देशी गिटारीला पिकअप जोडायचा, रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून अँप्लिफायर बांधून घ्यायचा, सुटे भाग लॅमिंग्टन रोडवर आणि जुना माल चोरबाजारात हुडकायचा, असा मार्ग उरला. टंचाईच्या या शाळेतून एक पिढी हाताने काम करायला शिकली.

या शाळेला एक अनपेक्षित देणगी मिळाली होती. बंगळूरच्या ‘भारत इलेक्ट्रॉनिक्स’ या सरकारी कंपनीत १९६० च्या दशकात जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर बनू लागले. घरोघरी पोहोचलेल्या ट्रान्झिस्टर रेडिओत ‘एसी १२८’ या क्रमांकाचा ट्रान्झिस्टर सर्रास आढळे. इंग्लंडमध्ये १९६६ साली निघालेल्या ‘फझ फेस’ या गाजलेल्या पेडलच्या काही प्रतींत याच क्रमांकाचा ट्रान्झिस्टर वापरलेला आहे. लंडनच्या गिटारवादकाला जो आवाज दुकानातून विकत घ्यावा लागे, त्याचा मुख्य भाग आपल्याकडे मोडक्या रेडिओत धूळ खात पडलेला असे. दोन ट्रान्झिस्टर, चार-पाच रोधक, तीन धारित्रे आणि एक बॅटरी एवढ्या साहित्यात ते मंडल पुरे होई. १९६९ साली दिल्लीहून ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ हे इंग्रजी मासिक निघाले. त्यातील आकृत्यांनी हौशी मंडळींच्या हाती सोल्डरिंगची कांडी दिली. पुढे ‘७४१’ क्रमांकाची चिप आणि दोन डायोड यांवर भागवणारी सोपी मंडले रूढ झाली.

त्या काळचा बोलका पुरावा म्हणजे ‘सिमला बीट’ या स्पर्धेच्या १९७० आणि १९७१ सालच्या दोन ध्वनिमुद्रिका. सिगारेटच्या जाहिरातीसाठी भरवलेल्या या स्पर्धेत मुंबई, कलकत्ता, मद्रास, बंगळूर अशा शहरांतील हौशी वाद्यवृंद उतरले. त्या तबकड्यांवर फझचा खरखरीत आवाज स्पष्ट ऐकू येतो. मुंबईच्या याच रॉक संगीताच्या जगातून नंदू भेंडे पुढे आले. मराठी रंगभूमीवरील आत्माराम आणि आशा भेंडे यांचे ते चिरंजीव. १९७४ साली अलेक पदमसी यांनी मुंबईत ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ हे संगीतनाट्य सादर केले, त्यात त्यांनी यहुदाची भूमिका गाजवली. विजेच्या गिटारीच्या साथीने मांडलेली प्रभूच्या दुःखसहनाची कथा मुंबईकरांनी तेव्हा ऐकली. नंदू भेंडे २०१४ साली निवर्तले.

ज्यांची नावे छापली गेली नाहीत

चित्रपटसंगीताच्या दालनात ख्रिस्ती वादकांचे ऋण सर्वश्रुत आहे. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट या नावाने ओळखले जाणारे अँतोनियो झेवियर वाझ अशा गोवेकरांनी हिंदी गीतांना वाद्यमेळाचा साज चढवला. परंतु चित्रपटाच्या श्रेयनामावलीत संगीतकाराचे नाव झळके आणि वादकांची नावे गाळली जात. १९७७ सालच्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटातील गीतात अँथनी गोन्साल्विस हे नाव आले, ते त्यांचे शिष्य संगीतकार प्यारेलाल यांनी वाहिलेल्या गुरुदक्षिणेमुळे. अन्य शेकडो वादकांना असा शिष्य लाभला नाही. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने वादकांच्या मुलाखती घेऊन २००८ साली ‘बिहाइंड द कर्टन’ हा ग्रंथ सिद्ध केला. ग्रंथाचे नावच पुरेसे बोलके आहे.

वाद्यात स्वतः फेरबदल करण्याची परंपराही याच दालनात होती. लखनौच्या ख्रिस्ती कुटुंबातून आलेले व्हॅन शिप्ले यांनी स्वतःच्या कल्पनेप्रमाणे आठ तारांची विजेची गिटार घडवून घेतली आणि तिच्यावर चित्रगीतांच्या धुनी वाजवून ध्वनिमुद्रिका काढल्या. १९७१ सालच्या ‘हरे रामा हरे कृष्णा’ या चित्रपटातील राहुलदेव बर्मन यांच्या संगीतात भूपिंदर सिंग यांची गिटार आणि चरणजित सिंग यांचे ट्रान्झिकॉर्ड हे विजेचे वाद्य ऐकू येते.

या चरणजित सिंगांचीच कथा आमच्या विषयाचे मर्म सांगते. १९८२ साली त्यांनी जपानी बनावटीची तीन इलेक्ट्रॉनिक वाद्ये एकमेकांना जोडून दहा रागांची एक तबकडी काढली. ती खपली नाही आणि विस्मरणात गेली. जवळजवळ वीस वर्षांनंतर एका डच संग्राहकाच्या हाती तिची प्रत लागली. २०१० साली ती पुन्हा प्रसिद्ध झाली, तेव्हा पाश्चात्त्य समीक्षक थक्क झाले. अमेरिकेतील शिकागो शहरात पुढे काही वर्षांनी जन्मलेल्या नृत्यसंगीताशी तिचे विलक्षण साम्य होते. २०१५ साली निधन होण्यापूर्वी चरणजित सिंगांना उतारवयात परदेशी रंगमंच लाभले. एक प्रत कुणीतरी जपून ठेवली होती, एवढ्यानेच हे घडले. ती नसती, तर त्यांच्या प्रयोगाचे वर्णन ऐकूनही कुणाचा विश्वास बसला नसता.

मंदिरातील गिटार

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी पवित्र उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. पाइप ऑर्गनचा मान राखूनही, उपासनेच्या पावित्र्याला साजेशी अन्य वाद्ये वापरण्यास त्याने वाट करून दिली. लोकभाषेतील मिस्सा आणि देशी चाली यांच्यापाठोपाठ हार्मोनियम, तबला आणि गिटार ही वाद्ये आपल्या देवळांत आली. युवकांच्या गायनवृंदाला गिटार विशेष भावली. ती खांद्यावरून नेता येते आणि चार सुरावटी शिकल्या की गीताला साथ देता येते.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. मिस्सामध्ये वाजणारी गिटार ही सामान्यतः साधी, लाकडी पोटाची आणि शुद्ध आवाजाची असते. फझची डबी तेथे शोभत नाही आणि वादकही ती घरीच ठेवतो. परंतु रविवारी वेदीच्या बाजूला बसून भक्तिगीत छेडणारा तोच युवक सणाच्या किंवा लग्नाच्या संध्याकाळी मंडपात विजेची गिटार वाजवत असे. एकाच हाताला दोन स्वरांची सवय होती. ज्येष्ठांना दुसरा स्वर गोंगाट वाटे. त्यांचा आक्षेप सर्वस्वी अनाठायी होता, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु त्या गोंगाटामागे रात्र रात्र बसून केलेले किती बारीक काम होते, हे त्यांना क्वचितच ठाऊक असे.

बेंजो आणि वाइंडिंगचे दुकान

आता पुन्हा कोकणाकडे वळू. ज्याला आपण बेंजो म्हणतो, तो अमेरिकन बँजो नव्हे. १९१२ साली जपानमधील नागोया येथे गोरो मोरिता यांनी ‘ताइशोगोतो’ नावाचे तंतुवाद्य तयार केले. टंकलेखन यंत्रासारखी बटणे दाबून त्याचे स्वर काढायचे असतात. ते हिंदुस्थानात आले, ‘बुलबुल तरंग’ झाले आणि मुंबई-कोकणात बेंजो म्हणून स्थिरावले. मूळ वाद्याचा आवाज नाजूक. मिरवणुकीत तो कुणाला ऐकू जाणार? तेव्हा त्याला पिकअप बसवला गेला, तो अँप्लिफायरला जोडला गेला आणि कर्ण्यांसह गाडीवर चढला. अँप्लिफायर त्याच्या कुवतीबाहेर वाजू लागताच नॅशव्हिल आणि लंडनमधला तोच दोष येथेही गुण होऊन प्रकटला. पुढे काही वादक बेंजो आणि अँप्लिफायर यांच्यामध्ये गिटारचे पेडलही जोडू लागले. २०१६ साली रवी जाधव यांनी या पथकांच्या जीवनावर ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट काढला. त्यामुळे मुंबईच्या वस्त्यांबाहेरच्या प्रेक्षकांनाही त्यांची ओळख झाली.

औद्योगिक वसाहत आणि हे वाद्य यांचे नाते वरकरणी दिसते त्याहून जवळचे आहे. जेथे कारखाने असतात तेथे मोटारींचे वाइंडिंग करणारी दुकाने असतातच. जळालेल्या मोटारीतील तार काढून इनॅमलचा लेप दिलेली नवी तार मोजून गुंडाळायची, हे त्यांचे काम. पिकअप गुंडाळणे म्हणजे तेच काम अतिसूक्ष्म प्रमाणावर करणे होय. मोटारीची तार जाड असते. गिटारच्या पिकअपची सुमारे ०.०६ मिलिमीटर, आणि वेढे सात-आठ हजारांच्या घरात. हात जरा जड पडला की तार तुटते. मंडलाची पाटी तयार करायची, तर तांब्याचा पत्रा चढवलेल्या तुकड्यावर रंगाने किंवा नखपॉलिशने रेषा काढाव्या लागतात आणि फेरिक क्लोराइडच्या द्रावणात नको असलेले तांबे विरघळवावे लागते. तार, डाख आणि रसायन या तिन्हींची सवय असलेल्या हातांना ही विद्या परकी वाटत नाही. आयटीआयमध्ये शिकलेल्या तंत्रज्ञाला तर ती आपल्या विषयाचीच पुढची पायरी वाटावी.

‘इको’ म्हणजे प्रतिध्वनी याचाही विचार करावा. १९५८ साली इंग्लंडमध्ये निघालेल्या ‘कॉपीकॅट’ यंत्रात चुंबकीय फितीची कडी फिरत राही आणि तिच्यावर टिपलेला स्वर क्षणभराने पुन्हा ऐकू येई. ते यंत्र महाग आणि नाजूक. पुढे तैवानमध्ये ‘पीटी २३९९’ ही स्वस्त चिप निघाली. ती कॅराओकेच्या यंत्रांसाठी होती. परंतु जगभरच्या हौशी मंडळींनी तिच्यापासून गिटारचे प्रतिध्वनी पेडल बनवले. घरगुती कारागिरीचा हा स्वभावच आहे. वस्तू कशासाठी बनली, याला ती महत्त्व देत नाही. वस्तूकडून काय करवून घेता येईल, हे पाहते.

आकृती बोलत नाही

आता ध्वनिमुद्रणाकडे येऊ. मंडलाची आकृती कागदावर काढता येते आणि टपालाने कुणालाही पाठवता येते. मग आवाज मुद्रित करून पाठवण्याचे प्रयोजन काय?

याचे उत्तर जर्मेनियमच्या स्वभावात आहे. एकाच क्रमांकाचे, एकाच कारखान्यातले दोन ट्रान्झिस्टर सारखे नसतात. एकाची वाढवण्याची क्षमता दुसऱ्याच्या दुप्पट असू शकते. त्यांच्यातून विजेची थोडी गळतीही होते आणि उष्णतेबरोबर ती वाढते. वैशाखातील दुपारी आणि पौषातील रात्री तीच डबी निराळी वाजते. एका आकृतीवरून दहा जणांनी दहा डब्या बांधल्या, तर दहा आवाज निघतात. म्हणून जाणते कारागीर पुष्कळ ट्रान्झिस्टर तपासून त्यांतले दोन निवडत. ती निवड कानाने होते आणि आकृतीत ती कोठेच लिहिलेली नसते. ध्वनिमुद्रणाशिवाय तिची नोंद राहत नाही.

फिलिप्स कंपनीने १९६३ साली कॅसेट आणली आणि १९८० च्या दशकात ती भारतात घरोघरी पोहोचली. तेव्हापासून ही नोंद सामान्य माणसालाही करता येऊ लागली. तालमीत एखादा टेपरेकॉर्डर चालू ठेवायचा आणि ती कॅसेट मित्राला द्यायची. मित्राने त्याच फितीवर दुसऱ्या बाजूला आपला प्रयोग टिपून परत करायचा. आज हेच काम मोबाइलवर होते. त्यातून काही उत्तम शिस्तही निर्माण झाली आहे. प्रथम वाद्याचा साधा आवाज मुद्रित करावा, नंतर तेच वाक्य डबी जोडून वाजवावे. दोन्ही वेळा आवाजाची पातळी सारखी ठेवावी, कारण मोठा आवाज कानाला उगाचच चांगला वाटतो. काय बदलले, कोणता भाग काढून कोणता घातला, हे स्वतःच्या मुखाने सांगावे. अशा मुद्रणातून ऐकणारा शिकतो आणि आपला प्रयोग जोडून पुढे पाठवतो. पेटंट आणि नफा यांच्या जगात विद्येची ही मोकळी देवघेव आम्हांला मोलाची वाटते. दिल्याने वाढणारे धन ते हेच.

जे वाचवता येईल ते

या धनाला खरा धोका विस्मृतीचा आणि कोकणच्या हवेचा आहे. कॅसेटची फीत म्हणजे प्लॅस्टिकवर चिकटवलेली लोहभस्माची पूड. दमट हवेत ती चिकटवण ओलावा शोषते, बुरशी धरते आणि पूड सुटू लागते. कपाटात तीस-चाळीस पावसाळे काढलेली फीत किती टिकेल, हे सांगता येत नाही. त्यात पुराची भर. २२ जुलै २०२१ रोजी सावित्रीच्या महापुराने महाड शहर बुडाले. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे दगावली. २००५ च्या जुलैमध्येही या तालुक्याने असाच घाला सोसला होता. जेथे माणसे गेली, घरे गेली, तेथे कॅसेटींची मोजदाद कोण ठेवणार? परंतु जी घरे वाचली, त्यांतल्या ओल्या खोक्यांतून छायाचित्रांबरोबर आवाजही गेले असतील, याचा विचार मनाला चटका लावून जातो.

म्हणून काही साध्या सूचना कराव्याशा वाटतात. घरात जुन्या कॅसेटी असतील, तर प्रत्येकीच्या मागच्या कडेवरील दोन पट्ट्या मोडून टाकाव्यात, म्हणजे तिच्यावर चुकून दुसरे काही मुद्रित होणार नाही. चिखल लागलेली किंवा भिजलेली फीत यंत्रात घालू नये आणि उन्हात वाळवू नये, जाणकाराकडे द्यावी. चांगल्या स्थितीतील फिती संगणकावर उतरवून प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात. मेमरी कार्डालाही हाच नियम, कारण ते न सांगता बंद पडते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वर नाव घालावे. कुणी वाजवले, कुठे, कोणत्या वर्षी, डबी कुणी बांधली, तीत काय होते, हे ज्यांना आठवते ती माणसे आज साठी-सत्तरीत आहेत. त्यांच्याजवळ बसून ते लिहून घ्यावे. धर्मग्रामातील युवकांना यासारखे सोपे आणि उपयुक्त काम क्वचितच मिळेल.

चित्रपटांच्या श्रेयनामावलीतून आमच्या वादकांची नावे गाळली गेली, याबद्दल आपण खंत करतो आणि ती रास्तच आहे. परंतु ते दुसऱ्यांच्या हातचे होते. आपल्या घरातल्या कॅसेटवर नाव घालणे आपल्याच हातात आहे. ज्या काका-मामांनी मोडक्या रेडिओतून ट्रान्झिस्टर काढून बिघडलेल्या स्वराला सूर दिला, ज्यांनी सणाच्या रात्री सगळ्या वाड्याला नाचवले, त्यांचे श्रेय दोन इंच कागदावर मावते. तेवढा कागद आणि एक पेन या आठवड्यात प्रत्येक घराने काढावे.